मोजलंय का कुणी?

उन्हाळ्यात संध्याकाळी गोदाघाटावर व्याख्यान ऐकायला जायचं हे आमच्या घरात आजोबांपासून चालत आलंय, त्यात विषय काय आहे ते बघायची पद्धत नाही. कधी शेअर बाजार, कधी ज्ञानेश्वरी, कधी मधुमेह. यंदा एका संध्याकाळी भाच्याला घेऊन गेले तर विषय निघाला आधुनिक भौतिकशास्त्राचा पाया, म्हणजे फिरून फिरून स्ट्रिंग थिअरी, सगळे कण म्हणजे थरथरणाऱ्या अतिसूक्ष्म तारा आहेत असं म्हणणारी. दिवसभर तापलेली फरशी बसल्यावर अजून चटका देत होती, नदीचा तो शेवाळ आणि निर्माल्य मिसळलेला वास, रामकुंडाच्या बाजूने पोरांनी पाण्यात उड्या मारल्याचे आवाज, आणि माईकवर एक रिटायर्ड प्राध्यापक दहा मितींबद्दल बोलतायत. चांगले बोलले, खोटं कशाला सांगू. आइनस्टाइनचं गुरुत्वाकर्षण आणि अणूंच्या जगाचे नियम सांगणारं क्वांटम मेकॅनिक्स यांचं एकमेकांशी का जमत नाही हे त्यांनी पाल्हाळ न लावता सांगितलं, आणि भाचा चक्क मोबाईल खिशात ठेवून ऐकत होता. मग प्रश्नोत्तरं. कुणीतरी ब्लॅक होलबद्दल विचारलं, कुणीतरी हे सगळं आपल्या पुराणांत आहे का ते विचारलं (हा प्रश्न येतोच), आणि मग मागून एक आजोबा उठले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, माईक पुढे केला तर तो घेतलाही नाही, जागेवरूनच विचारलं, "सर, पण हे मोजलंय का कुणी?"

पुढच्या रांगेतले दोन-चार जण हसले. वक्ते जरा थांबले, म्हणाले, "नाही. अजून तरी नाही." मग गणिताच्या सौंदर्याबद्दल काहीतरी बोलले, आभार मानले गेले, आजोबा "बरं" म्हणून बसले. ते "नाही" मला आवडलं, प्रामाणिक होतं. हसू मात्र डोक्यातून जाईना. पूर किती आला हे दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं त्यावरून सांगणारं आमचं गाव, तिथे घाटावर बसून "मोजलंय का" विचारलं तर त्यात हसण्यासारखं काय होतं?

मला एवढं लागायचं कारण म्हणजे हा प्रश्न माझी रोजीरोटी आहे. मी अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, तयार झालेला जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, मापात आहे का ते बघते. ऑपरेटर म्हणतो मॅडम जॉब ओके आहे, नजरेनेच कळतंय, आणि मी म्हणते मोजलंय का? शॉपवर माझं टोपणनावही हेच पडलंय असं उडत उडत कानावर आलंय. आमच्याकडे मायक्रॉनवरून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून, माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात, चार मायक्रॉन जास्त निघाले म्हणून अख्खा लॉट अडवलाय आणि ट्रक गेटवर उभा आहे हे दृश्य काही नवीन नाही. म्हणून त्या रात्री जेवणं झाल्यावर ओट्याशी उभी राहून मी कॅल्क्युलेटरवर एक गणित केलं. स्ट्रिंग साधारण ज्या आकाराच्या धरतात ती प्लँक लांबी, मीटरमध्ये लिहायची तर दशांश चिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग १६. ही लांबी फुगवून एक मायक्रॉनएवढी केली, आणि त्याच पटीत आमचा खराखुरा मायक्रॉन फुगवला, तर तो किती होईल? साधारण ६५ लाख प्रकाशवर्षं. देवयानी दीर्घिका आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे मी ज्याच्यावरून लोकांशी भांडते तो मायक्रॉन देवयानीच्याही कितीतरी पलीकडे गेला. जिनिव्हाजवळचं ते २७ किलोमीटर घेराचं एलएचसी, माणसाने बांधलेलं सगळ्यात ताकदवान कणत्वरक, पण प्लँकच्या पातळीला थेट हात घालायचा तर त्याच्याहून एकावर पंधरा शून्यं इतक्या पट ऊर्जा लागेल. ओट्यावर दूध उतू गेलं ते वेगळंच.

मला एकेकाळी हेच करायचं होतं.

पुण्यात एमएस्सी करत होते तेव्हाची गोष्ट. २००१ च्या जानेवारीत मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत स्ट्रिंगवाल्यांची मोठी परिषद भरली, हॉकिंग आले, पेपरांत रोज फोटो. माझ्या रूम पार्टनरने त्यातला एक कापून आरशाच्या कोपऱ्यात खोचला आणि तो पिवळा पडेपर्यंत आम्ही त्याच्याकडे बघत वेण्या घातल्या. आमच्यातले काही जण मुंबईला जाऊनही आले, मी गेले नाही, घरून पैसे मागायची ती वेळ नव्हती. पण हवाच तशी होती तेव्हा. १९९५ मध्ये विटनने पाच वेगवेगळ्या स्ट्रिंग थिअरी म्हणजे एकाच अकरा मितींच्या गोष्टीची पाच रूपं आहेत असं दाखवून दिलेलं, १९९७ मध्ये माल्डासेनाचा तो अजब निबंध आलेला, गुरुत्वाकर्षण असलेलं विश्व आणि त्याच्या सीमेवरचं गुरुत्वाकर्षण नसलेलं विश्व एकच असं सुचवणारा, आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये पातळ आमटी ओरपत आम्ही हिशोब करायचो की अजून दहा-पंधरा वर्षांत सगळं सुटेल, तेव्हा आपण पस्तिशीत असू, म्हणजे बघायला मिळेल. पस्तिशी येऊन गेली. चाळिशीही गेली. वडिलांचं आजारपण, मग नोकरी, मग नाशिक, त्यात सांगण्यासारखं काही नाही, बहुतेकांचं असंच होतं. आणि खरं सांगायचं तर मायक्रोमीटर हातात धरला की मला बरं वाटतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी रडले असते.

या विषयाचा जन्मच मुळात चुकीच्या घरात झालेला आहे, आणि मला तो फार आवडतो. १९६८ मध्ये गाब्रिएले व्हेनेत्सियानो नावाच्या तरुणाच्या लक्षात आलं की अणुकेंद्रकात कणांना धरून ठेवणाऱ्या प्रबळ बलाचं वागणं ऑयलर या गणितज्ञाच्या एका अठराव्या शतकातल्या सूत्रात चपखल बसतंय. का बसतंय ते कुणालाच कळेना. मग नांबू, ससकिंड आणि निल्सन या तिघांना वेगवेगळं असं दिसलं की कण म्हणजे ठिपका न मानता थरथरणारी तार मानली तर हे सूत्र आपोआप निघतं. पण या तारा भलत्याच मागण्या करायला लागल्या, मिती २६ पाहिजेत म्हणाल्या (दहावर त्या नंतर आल्या), आणि वर एक कण जन्माला घालून बसल्या ज्याला वस्तुमान शून्य आणि स्पिन, म्हणजे कणाची अंगभूत गिरकी, २. असा कण प्रबळ बलात नसतोच. तेवढ्यात क्वार्कचा सिद्धांत उभा राहिला, त्याने तेच काम जास्त नीट केलं, आणि तारांना कुणी विचारेना. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्ट्झ यांनी, आणि तिकडे जपानात योनेया यांनी, तो नकोसा कण उचलला आणि म्हणाले अहो हा तर ग्रॅव्हिटॉन, गुरुत्वाकर्षण वाहून नेणारा कण. ज्याला आपण घराबाहेर काढत होतो तोच गुरुत्वाकर्षण घेऊन आलाय. हे वाचून आजही माझ्या अंगावर काटा येतो. तरी दहा वर्षं फारसं कुणी ऐकलं नाही. श्वार्ट्झ कॅलटेकमध्ये कायम नोकरी नसताना त्याला चिकटून राहिला. शेर्क १९८० मध्ये गेला, तेहतीस वर्षांचा, त्यामुळे १९८४ त्याला दिसलं नाही. त्या वर्षी ग्रीन आणि श्वार्ट्झ यांनी दाखवलं की थिअरीच्या आतला विसंगतीचा दोष काही ठरावीक गणिती रचनांमध्ये काट्याला काटा लागून संपतो, आणि त्यासाठी एक आकडा बरोब्बर ४९६ यावा लागतो. एका रचनेत ३२ आणि ३१ चा गुणाकार भागिले २, दुसरीत २४८ अधिक २४८, दोन्हीकडे ४९६. हॉस्टेलमधल्या एका सीनियर मुलीने हे सांगता सांगता डबल रोटीच्या कागदावर त्याचे विभाजक मांडून बेरीज केली, १, २, ४, ८, १६, ३१, ६२, १२४, २४८. बेरीज ४९६. युक्लिडच्या काळापासून माहीत असलेली परिपूर्ण संख्या. योगायोग असेल, बहुतेक आहेच, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गणिताचं सौंदर्य वगैरे वक्ते बोलले त्याला मी म्हणूनच नावं ठेवत नाही. ते भोगलंय मी.

तर आजोबांचा प्रश्न. तो एकट्या आजोबांचा नाहीच मुळी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नात एर्न्स्ट माख अणू मानणाऱ्यांना हेच विचारायचा, पाहिलाय का तुम्ही एखादा? आणि बोल्ट्झमनसारख्या माणसाकडे तेव्हा दाखवायला अणू नव्हता. तो १९०६ मध्ये गेला, आत्महत्या केली, आणि दोनच वर्षांनी पॅरिसमध्ये पेऱ्हाँने पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांची थरथर मोजून वाद जवळजवळ मिटवून टाकला. न्यूट्रिनोचं १९३० मध्ये पाउलीने नुसतं अनुमान केलं, आणि हा कण कधी सापडेल असं त्याला स्वतःलाच वाटत नव्हतं, तो सापडला १९५६ मध्ये. हिग्ज कण १९६४ चा, दिसला २०१२ मध्ये. गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, तर कमाल, आइनस्टाइनने १९१६ मध्ये सांगितल्या, मधे एकदा त्यालाच शंका आली, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या चार-चार किलोमीटर लांब नळ्यांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाएवढी थरथर नोंदली गेली. मी त्या बातमीच्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताट तसंच ठेवून बसले होते, बरोबरच्या लोकांना वाटलं घरून काही फोन आला. आता तसंच एक यंत्र आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायचंय. औंढा नागनाथला आमची आई देवदर्शनाला गेली होती, तिला म्हणलं तिथे आता हे होणार आहे, ती म्हणाली बरं झालं, रस्ता तरी चांगला होईल.

म्हणजे वाट बघायला माझी ना नाही, शंभर वर्षं सुद्धा. वरच्या सगळ्या गोष्टींत एक मात्र समान आहे. काय सापडलं तर जिंकलो आणि काय सापडलं नाही तर हरलो हे आधी ठरलेलं होतं. आमच्या धंद्यात ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल ते, आधी लिहिलेला असतो, जॉब मशीनवर चढायच्या आधी. मोजायला दोन वर्षं लागू देत, नवीन गेज बनवावं लागू दे, हरकत नाही, पण जॉब मोजून झाल्यावर कुणी पेन काढून ड्रॉइंगवरचा आकडा वाढवायला लागला तर त्याला अंबडला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. एलएचसी सुरू व्हायच्या आधी सुपरसिमेट्रीबद्दल काय काय ऐकलं होतं आठवतं, प्रत्येक कणाचा जोडीदार मिळणार, बटन दाबायचा अवकाश. मिळाले नाहीत. मग जोडीदार जरा जड असतील. मग अजून जड. आता न्यायाने बोलायचं तर सुपरसिमेट्री म्हणजेच स्ट्रिंग थिअरी नव्हे, स्ट्रिंगला ती लागते खरी, पण एलएचसीच्या ऊर्जेलाच दिसेल असं स्ट्रिंगच्या गणिताने कधी लिहून दिलेलं नव्हतं. पण माझं दुखणं तेच आहे ना! लिहून दिलेलंच नाही. जास्तीच्या सहा मिती इतक्या बारीक घडी करून ठेवायच्या की दिसणार नाहीत, आणि ती घडी घालायच्या पद्धती किती, तर एक नेहमी सांगितला जाणारा अंदाज आहे १० चा ५०० वा घात. दिसणाऱ्या अख्ख्या विश्वातले अणू मोजले तर १० च्या ८० व्या घाताच्या आसपास भरतात. प्रत्येक घडीचं विश्व वेगळं, नियम वेगळे. एवढ्या गर्दीत आपलं विश्व कुठेतरी बसणारच, मग उद्या काहीही मोजून आलं तरी "ओके" असाच शिक्का बसणार. असा जॉब मी पास करणार नाही, रिजेक्टही करता येणार नाही, होल्डवर ठेवेन. लाल टॅग नाही, पिवळा टॅग.

नारळीकरांची आठवण इथे येतेच. २०२१ च्या डिसेंबरात साहित्य संमेलन नाशिकला होतं, अध्यक्ष ते, आणि तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. आडगावच्या त्या मांडवात आदल्या पावसाचा ओलसर गारठा, पुस्तकांचे स्टॉल, चहाला लाईन, आणि मी मनातून फक्त ती रिकामी खुर्ची बघायला गेल्यासारखी फिरत होते. त्यांनी तरुणपणी आपले गुरू फ्रेड हॉईल यांच्याबरोबर स्थिर स्थिती विश्वाची बाजू लावून धरली, विश्वाला आरंभ नाही, ते सगळ्या काळी सारखंच दिसतं असं म्हणणारी. ती बहुतेक जगाच्या मते हरली, आणि ती कुठे हरली हे बोट ठेवून दाखवता येतं: लांबचे रेडिओ स्रोत मोजले ते अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, आणि १९६५ मध्ये आकाशात सगळीकडून येणारं ते सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. विश्व सगळ्या काळी सारखं, म्हणजे लांब बघा नाहीतर जवळ बघा चित्र तेच दिसलं पाहिजे, एवढं सरळ विधान होतं ते, म्हणूनच त्याला पकडता आलं. नारळीकर नंतरही महास्फोटाबद्दल शंका घेत राहिले, शेवटपर्यंत, ते बरोबर होते असं मला वाटत नाही. पण मान खाली घालावी असं त्या हरण्यात काही नव्हतं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेल्याचं कळलं तेव्हा शॉपवर कुणाला काही सांगण्यात अर्थ नव्हता, मी लंच ब्रेकमध्ये त्यांची एक विज्ञानकथा परत वाचली.

हरलेल्या थिअरींचं पुढे काय होतं हेही गमतीदार असतं. १८६७ मध्ये टेट नावाच्या शास्त्रज्ञाने धुराची वलयं करून दाखवली आणि ती बघून त्याचा मित्र केल्व्हिनला सुचलं की अणू म्हणजे ईथरमध्ये, सगळी पोकळी भरून असतं असं तेव्हा मानलेल्या त्या पदार्थात, पडलेल्या गाठी असतील, प्रत्येक मूलद्रव्याची गाठ वेगळी. इतकी देखणी कल्पना की मोठमोठी माणसं वीसेक वर्षं त्यात रमली. ईथरच नाही म्हणल्यावर गाठी कशात पडणार, सगळं ओमफस झालं. पण टेटने त्या नादात गाठींचे तक्ते करून ठेवले होते, आणि त्यातून गणिताची एक अख्खी शाखा निघाली, ती आज जोरात आहे. स्ट्रिंगमधून गणिताला जे मिळालंय ते तर त्याहून कितीतरी जास्त. कुणी म्हणतं पन्नास वर्षं वाया गेली, तेव्हा मला ते पटत नाही, राग येतो.

आणि एक गोष्ट आहे जी मला पिवळा टॅगही धड लावू देत नाही. बेकेन्स्टाइन आणि हॉकिंग यांनी सांगितलं होतं की ब्लॅक होलची एन्ट्रॉपी त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, क्षेत्रफळ भागिले ४, योग्य एककांत. पण एन्ट्रॉपी म्हणजे आतल्या शक्यतांची मोजणी, आणि त्या शक्यता कशाच्या, ते कुणालाच माहीत नव्हतं. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी विशिष्ट प्रकारच्या ब्लॅक होलसाठी स्ट्रिंग थिअरीतून त्या शक्यता एक एक करून मोजाव्यात तशा मोजल्या, आणि उत्तर आलं क्षेत्रफळ भागिले ४. तो चार सुद्धा बरोबर. या वाटेवर आधी चाललेल्यांत आपले अशोक सेन आहेत, ज्यांनी ऐन कामाची वर्षं अलाहाबादला बसून काढली आणि २०१२ मध्ये तीस लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं तेव्हा कुठे पेपरवाल्यांना त्यांचा पत्ता सापडला. आता हे ब्लॅक होल खऱ्या आकाशातले नव्हेत, गणिताच्या सोयीचे आहेत, दुर्बिणीतून दिसणाऱ्यातला एकही तसा नाही, हे मला माहितीये. हे मोजणं आजोबांच्या अर्थाने मोजणं नाही. तरी पण दोन अगदी वेगळ्या दारांनी आत जाऊन एकच आकडा हाती येणं याला माझ्या धंद्यात वजन आहे. तीच वस्तू दोन वेगळ्या पद्धतींनी मोजून सारखी आली की माणूस जरा निवांत बसतो. मी बसत नाही, पण खुर्ची तरी ओढते.

भाच्याशी हे सगळं मी गंगापूर रोडवर मिसळ खाताना बोलले, त्याने दोन पाव जास्त मागवले आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाला आत्या तू पास पण करत नाहीस आणि फेल पण करत नाहीस, तुमच्या कंपनीत हे चालतं का? म्हणलं चालतं, पण मग त्याच्यावर तारीख टाकायची असते, परत कधी बघायचं त्याची. आणि ही तारीख कोण टाकणार हा माझा खरा प्रश्न आहे, सध्या तरी जो तो ती पुढे ढकलतोय. तो काही बोलला नाही, तर्री संपवली. पोरगं बारावीला आहे, त्याला आयसरची, म्हणजे मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्थांची, परीक्षा द्यायचीये, घरी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं ठरलेलं. रविवारी भाऊ आला आमच्याकडे, वहिनी पण, आणि विषय निघालाच. भाऊ म्हणाला फिजिक्स वगैरे ठीक आहे रे, पण त्यात स्कोप काय? हा म्हणतो, बाबा, दहा मितींमध्ये स्कोप आहे. भावाने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, त्यातल्या एखाद्या मितीत पगार असेल तर सांग. वहिनी हसली, मी पण हसले, पोरगंही हसलं, मग भाऊ गॅलरीत फोनवर बोलायला गेला तेवढ्यात मी लॅपटॉप उघडून त्याच्या फॉर्मची फी भरून टाकली.